ब्याऐंशी तास

३ ऑक्टोबर, रविवार

शाळेत आमच्या सिस्टर सांगत, रोजनिशीत दोनच गोष्टी हव्यात, खरं आणि पूर्णविराम. पंचावन्न वर्षं मी त्यांचं ऐकलं नाही. आज ऐकते आहे, कारण स्वतःच्याच घरात मला मोठ्याने बोलायची सोय राहिलेली नाही.

काल दुपारी माझा धाकटा भाऊ आणि त्याची बायको दोन बॅगा, एक लोड आणि एक्स-रेचं भलंमोठं पाकीट घेऊन दारात उभे राहिले. भावजयीने आठ दिवसांपूर्वी फोन केला होता: "वन्सं, हॉस्पिटल तुमच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. तुम्ही नाही म्हणालात तरी आम्ही येणार आहोत." असं ऐकवल्यावर माणूस नाही तरी कशाला म्हणेल?

त्याच्या घशात गाठ आहे. २१ तारखेला, गुरुवारी, स्वरयंत्रच काढून टाकणार. जीव वाचेल म्हणतात, आवाज जाईल. या माणसाने पस्तीस वर्षं घाऊक भाजीबाजारात बटाट्याच्या पोत्यांवर उभं राहून लिलाव पुकारले. घरात आम्ही त्याला भोंगा म्हणायचो. वडिलांनी ठेवलेलं नाव, आणि वडील उगाच काही ठेवत नसत.

त्याच्याशी मी तेरा वर्षं धड बोललेले नाही. कारण लिहून ठेवते, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की म्हातारी उगाच रुसली. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये छत्तीस वर्षं काढली, शेवटची बारा सुपरवायझर म्हणून. आधी ट्रंक कॉल जोडायचा बोर्ड बंद झाला, मग चौकशी विभाग एका आपोआप बोलणाऱ्या बाईच्या हवाली झाला. ती बाई कधी रजा मागत नाही आणि कधी कोणाचं ऐकून घेत नाही. माझ्या निरोपसमारंभात या भोंग्याने साठ माणसांसमोर तोंडाला चमचा लावला, मान तिरकी केली आणि माझी नक्कल केली. "नंबर प्लीऽऽज." आमचे साहेब डोळे पुसेपर्यंत हसले. मीसुद्धा हसले. मग घरी आले आणि विषय संपवला.

काल तो आत आला, चपला काढल्या आणि म्हणाला, "ताई, तू बारीक झालीस."

आवाज खरखरीत झालाय, चाळणीतून खडी गाळावी तसा. मी म्हटलं, "बूट-चपला कपाटात ठेवायच्या असतात इथे."

५ ऑक्टोबर, मंगळवार

हॉस्पिटलमधल्या वाचा-उपचाराच्या बाई येऊन गेल्या. पस्तिशीच्या असतील, नीट बोलणाऱ्या. हल्ली असं कोणी भेटत नाही. त्यांच्याकडे एक प्रोग्राम आहे. माणसाने सहाशे वाक्यं वाचून दाखवायची, त्यातून कॉम्प्युटर त्याचा आवाज तयार करतो. मग हा फोनवर टाइप करणार आणि फोन याच्या आवाजात बोलणार. हॉस्पिटलच्या यंत्रावर दीड महिन्याची रांग आहे, म्हणून घरचा कॉम्प्युटर. तो माझ्याकडे आहे. लेकीने परदेशी जाताना ठेवलेला, मी त्यावर शब्दकोडी सोडवते.

बाईंनी सगळं नीट समजावलं. माझं यंत्र जुनं, त्याला ब्याऐंशी तास लागतील. सलग. प्रोग्राम मधे काही जपून ठेवत नाही. थांबला की पुन्हा पहिल्यापासून. आणि शेवटी तो एक यादी देतो, कुठले आवाज कच्चे राहिले याची. ती वाक्यं याने पुन्हा म्हणायची. दहा मिनिटांचं काम. "पण ते शस्त्रक्रियेच्या आधी व्हायला हवं," त्या म्हणाल्या. "नंतर कोणाकडून म्हणवून घेणार?"

जाताना दारात त्यांनी त्याला घसा सांभाळायला सांगितलं. मी तिथेच उभी होते. आता या घरात घसा सांभाळला जाईल.

८ ऑक्टोबर, शुक्रवार

सहाशे झाली. चार दिवस मागच्या खोलीत खिडकीला गादी लावून, शिलाई मशीनवर मायक्रोफोन ठेवून वाचत होता. मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसले, कोणी बेल वाजवू नये म्हणून. वाक्यं ऐकून माझंच डोकं उठलं. "आज दुकानं लवकर बंद होतील." "निळी बादली पायऱ्यांजवळ आहे."

"ताई," तो मधेच ओरडला, "हा वाक्यातला माणूस कधी भावसुद्धा करत नाही. असल्या माणसाला आवाज हवा कशाला?"

"वाच मुकाट्याने."

"मुकाट्याने कसं वाचू?"

भावजय स्वयंपाकघरात हसली. मी हसले नाही. शेवटची पन्नास वाक्यं प्रश्नांची होती. तोवर घसा पार बसला होता, त्याने ती भराभर उरकून टाकली.

९ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी बरोबर दहाला सुरू केलं. मंगळवारी रात्री आठला संपेल. हातात आठ दिवस शिल्लक राहतात.

सुरू करताना प्रोग्रामने छत्तीस नमुने "गोंगाट" म्हणून बाजूला काढले. खोकला, हसणं, एक शिवी. आणि क्रमांक २१२ वेगळाच काढला: "बोलणारी व्यक्ती वेगळी आहे."

"दोनशेबाराला खोलीत कोण होतं?" मी विचारलं.

हा छताकडे बघायला लागला. "कोणी नाही."

"मग काय केलंस?"

"ऐक की."

मी ओळखलं. तोच चमचा, तीच मान. कॅन्सर झाला तरी खोड जात नाही. मी ऐकणार नाही. पुसणारही नाही, कारण बाईंनी फाइलींना हात लावू नका म्हटलंय.

१२ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी सहाला चहाचा कप घेऊन मागच्या खोलीत गेले, तर स्क्रीनवर समुद्राचं चित्र आणि "सुप्रभात". प्रोग्राम नाही. आकडे नाहीत. पहाटे पाचला कॉम्प्युटरने स्वतःच्या मनाने अपडेट लावून घेतलं आणि रीस्टार्ट झाला. सदुसष्ट तास झाले होते. पंधरा उरले होते.

मी तिथेच जमिनीवर बसले. आयुष्यात चालू कॉल तोडलेला नाही. युद्धात, पुरात, संपात. बोर्डवर असताना वडील गेल्याचा निरोप आला, तेव्हाही चार लाइनी जोडून दिल्या आणि मग उठले. आणि हे माझ्या घरातलं, माझ्या विजेवर चालणारं यंत्र मला न विचारता उठून जातं आणि वर सुप्रभात म्हणतं! मोलकरणीने असं केलं असतं तर तिला दारात उभी केली नसती.

भावजय म्हणाली, "अहो वन्सं, त्याने विचारलं असेल ना? मधूनमधून कोपऱ्यात काहीतरी येत होतं. तुम्ही 'नंतर' दाबलंत."

"नंतर म्हणजे मी सांगेन तेव्हा. त्याला वाटेल तेव्हा नव्हे."

अकराला पुन्हा सुरू केलं. शुक्रवारी रात्री नऊला संपेल. या वेळी बंदोबस्त केलाय. इंटरनेटची तार उपटून कपाटात टाकली. मग सेटिंगमध्ये गेले, तिथे यंत्र मला विचारतं, तुमचे कामाचे तास कोणते? त्या वेळात मी रीस्टार्ट होणार नाही. मी चोवीस भरले. म्हणतं, अठरापेक्षा जास्त चालणार नाहीत. म्हणजे सहा तास त्याचे! सासूबाईंना जाऊन तीस वर्षं झाली, त्यांच्यानंतर मला तास वाटून देणारं हेच.

लेकीने फोनवर एक युक्ती सांगितली. माउसखाली काट्यांचं घड्याळ ठेवायचं. सेकंदकाटा फिरला की माउसला वाटतं कोणी हलवतंय, मग यंत्र झोपत नाही. आमच्या ह्यांचं मनगटी घड्याळ ट्रंकेतून काढलं, किल्ली दिली. चालू झालं. अठरा वर्षांनी.

१३ ऑक्टोबर, बुधवार

खोलीतून हललेले नाही. उशी, पाण्याचा तांब्या, चष्म्याची दोन्ही घरं इथेच. जेवण इथेच. आंघोळीला गेले तेव्हा भावजयीला दारात उभं केलं.

"वन्सं, मी बसते ना दोन तास. नुसतं बघायचंच आहे."

नुसतं बघायचं असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी बोर्डवर बसू नये. आमच्याकडे नियम होता. बदली मुलगी पाठीमागे येऊन उभी राहायची, हेडसेट स्वतःच्या डोक्याला लावायची, आणि "घेतलं मी" म्हणायची. ते दोन शब्द कानावर पडल्याशिवाय उठायचं नाही. मग नळ गळो नाहीतर छप्पर.

भोंगा दुपारभर या खोलीत स्टुलावर बसून असतो. बोलतो. थांबत नाही.

"ताई, तुला आठवतं, तू रात्रपाळीहून यायचीस तेव्हा मी फाटकाशी..."

"बोलू नकोस. यादी आली की म्हणायची वाक्यं आहेत."

"ती दहा मिनिटांची आहेत."

"म्हणूनच."

"मग आपण खाली बाकावर जाऊ. शिंप्याच्या दुकानासमोर. तिथे वारा असतो. येतेस?"

मी स्क्रीनकडे बोट दाखवलं. शेवटी त्याला एक वही आणि पेन्सिल दिली, लिहून सांग म्हणून. त्याने लिहिलं: तुरुंगाधिकारी. आणि खाली रेघ मारली.

१५ ऑक्टोबर, शुक्रवार

पुन्हा झालं.

पहाटे माझा डोळा लागला, तासभर असेल. उठले तेव्हा समुद्र. घड्याळ माउसखाली इमानदारीत चालत होतं.

सहासष्ट तास. मी मोजू नये असं ठरवूनही मोजले.

बाईंना फोन केला. हॉस्पिटलची रांग तशीच आहे. त्या म्हणाल्या, यादी नाही मिळाली तरी आवाज तयार होईलच, नंतर कधीही चालवता येईल, फक्त जे कच्चं राहील ते राहील. "फार मनाला लावून घेऊ नका." मनाला लावून घेऊ नका! माझ्या भावाचं जे काही राहील ते कच्चं राहणार असेल, तर मनाला लावायचं तरी काय?

भोंग्याने वहीत लिहिलं: तू झोपलीस ते बरं झालं. मग बोलून दाखवलं, "घोरत होतीस." मी त्याच्यावर ओरडले. काय ओरडले ते लिहीत नाही. तो उठून बाहेर गेला आणि मला वाटलं, आता खाली जाईल बाकावर एकटा. पण तो पॅसेजमध्येच भिंतीला टेकून बसला, दरवाजाच्या त्या बाजूला.

१६ ऑक्टोबर, शनिवार

दुरुस्तीवाला आला. पन्नाशीचा, जाड, जिना चढून धापा टाकणारा. पाणी प्यायला आणि बसला. मी सगळं सांगितलं: तार, अठरा तास, घड्याळ.

घड्याळ बघून तो इतका हसला की त्याच्या खिशातला स्क्रू-ड्रायव्हर पडला. "बाई, घड्याळाने कॉम्प्युटर झोपत नाही हे खरं. पण हा झोपला कुठे होता? हा मुद्दाम उठून गेला."

"तार काढली होती."

"जेवण पोटात गेल्यावर ताट ओढून काय उपयोग? अपडेट आधीच उतरवून घेतलंय त्याने. हे बघा. आठ महिन्यांचं साचलंय. दर वेळी त्याने विचारलं, तुम्ही 'नंतर' म्हणालात. बिचाऱ्याने वाट बघितली. शेवटी मुदत संपली त्याची."

"त्याची कसली मुदत?"

"प्रत्येकाची असते, बाई."

त्याचा उपाय ऐकून मला संतापच आला. म्हणे, याला आधी पोटभर जेवू घाला. तार लावा, सगळी अपडेटं घेऊ द्या, जितक्यांदा रीस्टार्ट व्हायचंय तितक्यांदा होऊ द्या, काही मागायचं शिल्लक ठेवू नका. मग पाच आठवडे अपडेट थांबवायचं बटण दाबा, तार काढा, आणि काम सुरू करा. मग हलणार नाही.

म्हणजे ज्याने माझे एकशे तेहतीस तास खाल्ले त्यालाच मी मेजवानी द्यायची!

"भांडण मिटवायचं तर एकाने आधी हो म्हणायला लागतं," तो म्हणाला. स्वतःच्या बायकोबद्दल बोलत असावा, कारण मग त्याने उसासा टाकला.

१७ ऑक्टोबर, रविवार

दोन दिवस नुसतं निळं वर्तुळ फिरतंय. "काम चालू आहे. कॉम्प्युटर बंद करू नका." सात वेळा रीस्टार्ट झाला. भोंगा मोजत होता. प्रत्येक वेळी बाजारातल्यासारखा आकडा पुकारायचा, शेवटी तर: "साऽऽत एक! साऽऽत दोन!" मी वही त्याच्या हातात कोंबली.

रात्री पावणेदहाला सुरू केलं. गुरुवारी सकाळी पावणेआठला संपेल. शस्त्रक्रियेच्या यादीत त्याचा नंबर दुसरा आहे, अकराच्या सुमारास. हॉस्पिटल दहा मिनिटांवर. यादी छापायची, धावत जायचं, साडेआठला त्याच्या उशाशी. फोनवर वाक्यं म्हणवून घ्यायची. जमतं. बसतं गणित.

१८ ऑक्टोबर, सोमवार

दुरुस्तीवाल्याने सकाळी फोन केला. "चाललंय ना? आता तुम्ही बसायची गरज नाही, बाई. आपोआप होईल. जा फिरून या."

आपोआप या शब्दावर माझा विश्वास नाही. या शब्दाने माझी अठ्ठावीस मुलींची पाळी घरी पाठवली.

पाठ भरून आलीय. खिडकीची गादी अजून काढलेली नाही, बाहेर दिवस आहे की संध्याकाळ ते स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या आकड्यांवरून कळतं.

१९ ऑक्टोबर, मंगळवार

भावजयीने आज मला सुनावलं. ती सहसा सुनावत नाही. भाजी चिरायची विळी बाजूला ठेवून ती दारात आली आणि म्हणाली, "दर वाढदिवसाला ते तुम्हाला फोन करायचे. दर वर्षी तुम्ही म्हणायचात, कामात आहे, नंतर करते. आता काय कामात आहात?"

"त्याच्याच कामात आहे!" मी म्हटलं. ती नुसती बघत राहिली. लोकांना तर्क दाखवला की ते असंच बघतात.

दुपारी तो आला. स्टुलावर बसला नाही. माझ्या खुर्चीच्या पाठीमागे उभा राहिला, अगदी जवळ, आणि त्या खडी गाळल्यासारख्या आवाजात हळूच म्हणाला, "घेतलं मी."

त्याला कसं ठाऊक? मग आठवलं, शाळेत असताना तो मला न्यायला एक्स्चेंजवर यायचा, बाकावर पाय हलवत बसायचा. तिथे ऐकलं असेल.

"ऊठ ना. खाली जाऊ. एक तास. मग ये परत."

अडतीस तास झाले होते. चव्वेचाळीस उरले होते.

"शूऽऽ," मी म्हटलं. "परवा बोल. पोटभर बोल."

खुर्चीच्या पाठीवर त्याचा हात होता, तो मला लाकडातून जाणवत होता. मग हलका झाला.

२० ऑक्टोबर, बुधवार

सकाळी नऊला ते दोघं भरती व्हायला गेले. टॅक्सी खाली उभी होती. मी दारापर्यंत आले, म्हणजे इथून स्क्रीन दिसतो तिथपर्यंत.

"ताई, येतेस?"

"हे संपलं की येते. उद्या साडेआठला. आज तिथे नुसते अर्ज भरायचे असतात."

"हं."

"घसा सांभाळ."

त्याने लोड काखेत मारला आणि जिना उतरायला लागला. वळणावर थांबून वर बघितलं. काही बोलेल असं वाटलं, पण माझंच ऐकलं त्याने, बोलला नाही.

घर फार मोठं वाटतंय. यंत्राचा पंखा तेवढा घरघरतोय. त्रेसष्टाव्या तासाला आवाज बदलला म्हणून घाबरले, तर धूळ होती.

२१ ऑक्टोबर, गुरुवार

पावणेआठला झालं. यादी अकरा वाक्यांची. सगळे प्रश्न. छापून घेतली. आठ वीसला वॉर्डात पोचले.

पहिल्या नंबरच्या माणसाला ताप आला म्हणून याला आठलाच आत नेलं होतं.

२६ ऑक्टोबर, मंगळवार

चार दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं.

शस्त्रक्रिया चांगली झाली. गळ्याला भोक आहे, तिथून श्वास. नाकात नळी. भोंगा गालफडं आत गेलेला, डोळे मात्र तेच, सगळीकडे फिरणारे. हाताने मला खूण केली, बस. मी बसले. त्याने माझी अवघडलेली पाठ बघितली आणि भावजयीकडे बघून डोळे फिरवले.

बाई भेटल्या. आवाज फोनमध्ये भरलाय, नळी निघाली की शिकवू म्हणाल्या. मी अकरा वाक्यांची यादी त्यांना दिली आणि घडलं ते सांगितलं.

"काही बिघडत नाही," त्या म्हणाल्या. "फक्त प्रश्न विचारलेला सरळ वाक्यासारखा ऐकू येईल. शेवटी सूर वर चढणार नाही. तेवढंच. बाकी आवाज अगदी त्यांचा आहे."

"इतकं जपून ठेवलं होतं मी. आठ दिवस त्याला तोंड उघडू दिलं नाही."

त्यांनी चष्मा काढला. "का?"

"तुम्हीच म्हणालात, घसा सांभाळा."

"अहो, ओरडू नका या अर्थाने म्हटलं. बोलू नका असं मी कशाला सांगेन? उलट मी तर पेशंटना सांगते, या दिवसांत भरपूर बोला. ज्यांच्याशी बोलायचं राहिलंय त्यांच्याशी बोलून घ्या."

मी आभार मानले. लिफ्टऐवजी जिन्याने उतरले. तिसऱ्या मजल्यावर एक बाक होता, त्यावर किती वेळ बसले आठवत नाही. एका नर्सने विचारलं, आजी, कोणाची वाट बघताय?

३१ ऑक्टोबर, रविवार

खिडकीची गादी काढली. खोलीत ऊन आलं तेव्हा कळलं, किती कचरा साठवला होता मी: पेन्सिलीची सालं, चहाचे गोल डाग, आणि त्याची वही. तुरुंगाधिकारी. पुढची पानं मी बघितलीच नव्हती. "शिंप्याच्या दुकानात नवी बाई आलीय, गाते." "तुझ्या कढईला दांडा नाही, मी लावून देतो." "तू नवऱ्याचं घड्याळ लावलंस ते बरं केलंस." लहान लहान. एकाही पानावर मोठं काही नाही. मी मोठं काही शोधत होते.

मग २१२ ऐकलं. दार लावलं आणि ऐकलं.

"नंबर प्लीज." थोडं थांबून: "लाइन धरून ठेवा. मी इथेच आहे."

एवढंच. चमचा नाही, प्लीऽऽज नाही. एक तरुण बाई बोलतेय, रात्रपाळीच्या शेवटाला असते तशी दमलेली, पण समोरच्याला धीर देणारी. यंत्र म्हणालं बोलणारी व्यक्ती वेगळी, ते उगाच नाही. मी अशी बोलत असे? मला वाटायचं मी फार कडक बोलते. बाकावर पाय हलवत बसलेल्या पोराने ऐकलेला आवाज आहे तो. त्याने पन्नास वर्षं जपला, आणि मी समजले टिंगल करतोय.

निरोपसमारंभातही तो असाच बोलला असेल का? आता मला फक्त हसणारी माणसं आठवतात.

तीन वेळा ऐकलं. नंतर पंख्याखाली डोळे कोरडे केले.

७ नोव्हेंबर, रविवार

परवा त्याला सोडलं. पुन्हा इथेच उतरलेत, महिनाभर तपासणीला जावं लागणार. चपला त्याने कपाटात ठेवल्या, माझ्याकडे बघत, मुद्दाम.

फोन अजून त्याला जमत नाही. जाड बोटं, एका शब्दाला मिनिट लागतं. काल पहिलं पूर्ण वाक्य काढलं, भावजयीला: "मीठ कमी आहे." ती रडायलाच लागली. आवाज हुबेहूब त्याचा, आजारपणाच्या आधीचाच जणू, धुतलेला. त्यात हसू मात्र येत नाही. हसतो तेव्हा गळ्यातून नुसता वारा येतो आणि खांदे हलतात.

आज दुपारी मी कॉम्प्युटरवर शब्दकोडं सोडवत होते. सुटत नव्हतं. उजव्या कोपऱ्यात पाटी आली: अपडेट तयार आहे. रीस्टार्ट करावं लागेल. खाली दोन बटणं, "आत्ता" आणि "नंतर". पाच आठवडे कुठे झालेत अजून, असं म्हणून मी भांडायच्या तयारीत होते. मग आठवलं, मी स्वतःच परवा तार लावून ते थांबवणं काढून टाकलंय.

पाठीमागे तो येऊन उभा राहिला. खुर्चीच्या पाठीवर हात. बोटं टकटक टाइप करत होती, किती वेळ. मी वळले नाही. शेवटी फोन बोलला:

"ताई, खाली येतेस."

सूर चढला नाही. बाई म्हणाल्या तसंच, सरळ, पूर्णविरामाचं वाक्य. जणू मी येतेच आहे हे त्याला ठाऊक आहे.

कोडं अर्धं होतं. जपून ठेवलेलं नव्हतं. मी "आत्ता" दाबलं आणि चप्पल शोधायला उठले.